अकरा नंबरचं अंडं

आमची बदकं अंडी द्यायला कधी कंटाळली नाहीत, पण त्यांतली एकही आजवर अंड्यांवर बसलेली नाही. पहाटे खुराड्यात जिथं उभी असेल तिथं अंडं टाकायचं आणि दार उघडलं की माना पुढं काढून मळ्याकडे धावायचं. त्यात त्यांचा काही दोष नाही. खाकी कॅम्पबेल ही जात अंड्यांसाठीच घडवलेली आहे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या युली गावी अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या तोंडावर ती तयार केली. अंड्यांवर बसलेली मादी महिनाभर अंडी देत नाही, त्यामुळे जास्त अंडी देणाऱ्या माद्या निवडत गेलं की बसण्याची ओढ आपोआप मागं पडते.

हे सगळं ठाऊक असूनही आम्ही निवांत होतो. मग मे महिन्यात कोल्ह्यानं एका रात्रीत तीन माद्या नेल्या. उरल्या पाच माद्या आणि एक नर. विकत आणायची तर पिल्लं दुरून मागवावी लागतात, आणि भर पावसाळ्यात एवढासा जीव प्रवासात टाकायला माझं मन होईना. अंडी तर घरातच होती.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, यात अवघड असं काहीच वाटत नव्हतं. खुडूक कोंबडी बघायची आणि तिच्याखाली बदकाची अंडी ठेवायची. त्यांच्या माहेरी, कुडाळच्या अलीकडच्याच गावात, असंच करत. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात, बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात, त्यामुळे कोंबडी तेवढा वेळ धीर धरणारी हवी. आणि रोज संध्याकाळी ती दाणे टिपायला उठली की अंड्यांवर हातानं थोडं कोमट पाणी शिंपडायचं, कारण बदकीण पाण्यातून ओली होऊन घरट्यात परतते, कोंबडी कोरडीच परतते. हा शेवटचा तपशील त्यांनी इतक्या सहज सांगितला की मी तो वहीत लिहून घेतला. पण जूनच्या अखेरीस आख्ख्या वाडीत एकही कोंबडी खुडूक नव्हती. दोन घरं पलीकडे मस्कोवी बदकं आहेत, ती स्वतः बसतात आणि छान बसतात, पण त्यांच्या मालकिणीला तिची एक मादी महिनाभर आमच्याकडे द्यायला कसं सांगणार?

म्हणून इन्क्युबेटर मागवला. चोवीस कोंबडीची अंडी मावतील असा, आत छोटा पंखा, वर पारदर्शक झाकण, समोर तापमान आणि आर्द्रता दाखवणारा आकड्यांचा पडदा. पेटी बघून आई म्हणाल्या, "हे पेटयेत कसली गो पिल्लां येतली?"

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. मुलांना पहिल्या तासाला जे सांगते तेच केलं, उपकरण आधी तपासलं. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस हवं. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते, म्हणून अंड्याच्या वरच्या कडेपाशी अंशभर जास्त ठेवतात. घरात तापमान अचूक मोजणारी एक गोष्ट प्रत्येकाकडे असते, ती म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर. ३७ अंशांच्या आसपासच तर त्याला नेमकं मोजायचं असतं. मी दोन वेगवेगळे थर्मामीटर पेटीत ठेवले. पडद्यावर ३७.५, दोन्ही थर्मामीटरवर ३६.९. सहा दशांशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण अठ्ठावीस दिवस तो तसाच राहिला तर पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात. सेटिंगमध्ये तेवढी वाढ केली, पेटी दोन दिवस रिकामीच चालवली, आकडा स्थिर राहतो याची खात्री केली. आर्द्रतेचा आकडा मात्र तपासला नाही. तापमान चुकलं म्हणजे बाकीचंही चुकलेलं असू शकतं, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

अंडी पाच दिवसांत गोळा केली. खरं तर उबवायची अंडी १३ ते १६ अंशांत ठेवावीत, म्हणजे आतला जीव झोपलेला राहतो. वीस-एकवीस अंशांच्या वर तो अर्धवट जागा होतो आणि पेटीत जाण्याआधीच थकतो. आमच्या घरात जुलैमध्ये सत्तावीस अंशांखाली काही उतरत नाही, आणि फ्रीज फारच थंड. म्हणून साठवण्याचे दिवसच कमी केले. रोज संध्याकाळी खुराड्यात कोरडा पेंढा अंथरायचा आणि पहाटे साडेपाचलाच अंडी उचलायची, चिखलात लोळण्याआधी. तरीही काही माखलेली निघाली, ती खाण्यात घातली. उबवायचं अंडं धुवायचं नसतं. कवचावर एक पातळ साय असते, ती धुतली की कवचाची छिद्रं जंतूंना मोकळी होतात, आणि मग महिनाभराच्या उबेत ते अंडं पिल्लाऐवजी घाण वाढवतं. चौदा अंडी निवडली. मोबाईलच्या टॉर्चवर धरली तेव्हा एकाला केसाएवढी चीर दिसली. राहिली तेरा.

प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर घातला, एका बाजूला फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल. आणि प्रत्येकाचं वजन केलं. माझ्याकडे ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा आहे, सोनाराकडे असतो तसा, शाळेतल्या प्रयोगांसाठी घेतलेला. सगळ्यात हलकं ६६.८ ग्रॅम, सगळ्यात जड ७४.१. चार नंबर ७१.२. अकरा नंबर ७०.४. हे वजन करण्यामागं तेव्हा नोंद ठेवण्याच्या सवयीपलीकडे काही नव्हतं. २ जुलैला संध्याकाळी सहा वाजता झाकण लावलं.

पेटीसोबत अंडी फिरवणारा ट्रे होता, पण त्याच्या खाचा कोंबडीच्या अंड्यांच्या मापाच्या. बदकाचं अंडं त्यात बसेना, म्हणून हातानं फिरवायचं ठरलं. दिवसातून पाच वेळा, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. पाच अशासाठी की विषम पाळ्या असल्या म्हणजे रात्रीच्या लांब खंडात आज फुली वर असेल तर उद्या गोल वर येतो. अंडं एकाच अंगावर पडून राहिलं तर वाढणारा गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. दहाची आणि दोनची पाळी आईंची, कारण मी शाळेत. पहिल्या दिवशी त्या हात धुऊन, पदराला पुसून, एकेक अंडं असं उलटत होत्या की जणू कोणाची झोप मोडेल. पेटीवर विश्वास नसलेल्या बाईनं एकही पाळी चुकवली नाही.

सातव्या रात्री दिवे मालवून आम्ही सगळे पेटीभोवती बसलो. टॉर्चवर नळाचा रबरी वायसर ठेवला, म्हणजे उजेड बाजूनं गळत नाही. चार नंबर त्यावर ठेवलं आणि मुलगा ओरडलाच. आत लालसर शिरांचं जाळं पसरलेलं, कोळ्यासारखं, मधे काळा ठिपका, तो डोळा, आणि ठिपक्याशेजारी काहीतरी लयीत हलत होतं. बदकाच्या पांढऱ्या कवचातून हे फार स्वच्छ दिसतं. दोन आणि नऊ नंबर पिवळ्या दिव्यासारखे नुसते उजळले, आत काही नव्हतंच. सात नंबरमध्ये शिरांऐवजी लाल कडं होतं. जीव धरून दोन-तीन दिवसांत थांबला की रक्त असं कडेला सरून वर्तुळ करतं. ती तीन बाजूला काढली, दहा राहिली.

अंडी हातात होतीच, म्हणून वजनंही केली. आणि इथं गोष्ट फिरली.

अंडं उबताना हलकं होत जातं, व्हायलाच हवं. कवचाच्या छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, त्या जागी जाड टोकाला हवेची पोकळी वाढते, आणि शेवटच्या दिवसांत पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. पूर्ण काळात साधारण १३ टक्के वजन घटलं की ठीक. सत्तर ग्रॅमच्या अंड्याचे नऊ ग्रॅम, म्हणजे सात दिवसांत सव्वादोन ग्रॅमच्या वर घट दिसायला हवी होती. माझ्या अंड्यांची सरासरी घट होती १.६ ग्रॅम. अकरा नंबरची तर फक्त ०.९.

पडद्यावरची आर्द्रता ५५ टक्के होती, अगदी माहितीपुस्तिकेत सांगितली तेवढी. पेटीतल्या पाण्याच्या दोन्ही पन्हळी भरलेल्या, त्याही सांगितल्याप्रमाणे. आकडा बरोबर असेल तर अंडी अशी ओली कशी राहतील? दोघांपैकी कोणीतरी खोटं सांगत होतं, आणि काटा मी दहा ग्रॅमचं वजन ठेवून तपासलेला होता.

घरात सुट्टा डिजिटल आर्द्रतामापक होता, पण त्याच्यावर तरी भरवसा का ठेवायचा? त्याची परीक्षा मिठानं घेता येते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखं होईल इतपत पाणी घालायचं, ते झाकण आणि मापक घट्ट बंद होणाऱ्या बरणीत ठेवून रात्रभर हलवायचं नाही. ओल्या मिठाच्या वरची कोंडलेली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, मग बाहेर पाऊस असो की ऊन. हा निसर्गाचा नियम आहे, कारखान्याचा नाही. सकाळी मापक ७४ दाखवत होता, म्हणजे जवळजवळ खरा. तो पेटीत ठेवला. तासाभरानं पेटीचा पडदा म्हणत होता ५५, मापक म्हणत होता ६८.

तेरा टक्क्यांची चूक. त्यात पुस्तिका बहुधा कोरड्या हवेसाठी लिहिलेली. आमच्याकडे जुलैत खोलीतली हवाच इतकी दमट असते की ती आत घेऊन साडेसदतीस अंशांपर्यंत तापवली तरी पाण्याचा थेंब न घालता पेटीत ४८-५० टक्के आर्द्रता मिळते. मी दोन्ही पन्हळी रिकाम्या केल्या, कापडानं पुसल्या, वरचं हवेचं भोक पूर्ण उघडलं. दुपारपर्यंत मापक ४८ वर आला. आता पुढचे अठरा दिवस अंड्यांनी मागची थकबाकी भरून काढायची होती.

त्या दिवसापासून मी पडद्याकडे बघणं जवळजवळ सोडलं. दर तिसऱ्या दिवशी दहाही अंडी काट्यावर जात, आणि वहीत एकेका नंबराची वेगळी ओळ पुढं सरके. रोजची घट ०.३७, ०.३८ ग्रॅम अशी येऊ लागली. अकरा नंबर मागंच राहिला. त्याचं कवच हाताला गुळगुळीत आणि घट्ट लागायचं, छिद्रं कमी असावीत. एकाच पेटीत, एकाच हवेत प्रत्येक अंड्याचा स्वभाव वेगळा असतो, हे मला त्या ओळींनी दाखवलं.

आठव्या दिवसापासून रोज संध्याकाळी झाकण काढून पंधरा मिनिटं अंडी उघडी ठेवत होते. बदकीण चरायला उठते तेव्हा अंडी अशीच निवतात. पुष्कळ जण या वेळी कोमट पाणी फवारतात. मी फवारलं नाही, आधीच ओल जास्त झालेली. आईंना ते पटलं नाही. मी त्यांना वहीतले आकडे दाखवले. त्यांनी वही लांब धरून पाहिली आणि म्हणाल्या, "तुझा तू बघ." चौदाव्या दिवशी आठ नंबर थांबलेला दिसला, आत हालचाल नाही आणि शिरा विरलेल्या. राहिली नऊ.

१९ जुलैची रात्र, सतरावा दिवस. दिवसभर वारा होताच, साडेआठला कुठंतरी फांदी तारांवर पडली आणि सगळी वाडी काळोखात गेली. पंखे, टीव्ही, फ्रीज, सगळं बंद करून इन्व्हर्टरवर एकटी पेटी ठेवली. बॅटरी जुनी, तरी तिनं दीड वाजेपर्यंत साथ दिली. मग पेटीचा पडदा विझला आणि इतके दिवस घरात सतत असलेली पंख्याची बारीक घरघर थांबली. त्या शांततेनं मी जितकी घाबरले तितकी वाऱ्यानं घाबरले नव्हते.

आई चूल पेटवून मोकळ्या झाल्या होत्या. पाणी तापवलं, दोन प्लास्टिकच्या बाटल्या भरल्या, फडक्यात गुंडाळून पेटीत कडेला ठेवल्या, अंड्यांना चिकटू न देता. वरून गोधडी, पण हवेचं भोक उघडं. आतमध्ये एक साधा, तापाचा नव्हे, थर्मामीटर दोऱ्यानं टांगला. अशा वेळी माणूस जास्त ऊब देऊन चूक करतो. थोडी थंडी गर्भ सोसतो, सतराव्या दिवशी तर तो स्वतःची ऊबही तयार करत असतो, पण ४० अंशांच्या वर काही तास गेले तर सगळं संपतं. म्हणून बाटल्या गरम होत्या, कढत नव्हत्या, आणि दर अर्ध्या तासानं बदलत होतो. तापमान ३३, ३२, एकदा ३१ झालं. पहाटे फिरवायच्या वेळी मी एक अंडं टॉर्चवर धरलं. आतली सावली आळसावून हलली. वीज सकाळी साडेदहाला आली. नवांतलं एकही गेलं नाही. माझी त्या दिवशी रजा झाली.

पंचविसाव्या दिवशी, २७ जुलैला, फिरवणं थांबवायचं. पिल्लू आता चोच पोकळीकडे वळवून जागा धरतं, त्याला हलवायचं नाही. शेवटचं वजन केलं. बहुतेकांची घट बारा टक्क्यांच्या आसपास आली होती. चार नंबर ७१.२ वरून ६२.६. अकरा नंबर ७०.४ वरून ६४.८, म्हणजे जेमतेम आठ टक्के. टॉर्चवर त्याची हवेची पोकळी इतरांच्या निम्मी दिसत होती.

आई म्हणाल्या, कोमट पाण्यात सोडून बघूया. त्यांच्याकडे शेवटच्या दिवसांत अंडी अशीच पारखत. मी इतर आठांना पाण्यात घालू दिलं नाही, कारण कवचाला कुठं बारीक टोच पडली असेल तर पाणी आत जाऊन पिल्लू बुडतं. अकरा नंबर मात्र टॉर्चवर चारही बाजूंनी तपासून, कवच अखंड असल्याची खात्री करून, पातेल्यातल्या ३७ अंशांच्या पाण्यात अलगद सोडलं. पाणी स्थिर झालं. क्षणभर काही नाही. मग अंडं स्वतःहून डुललं, पाण्यावर वर्तुळं उमटली. जिवंत होतं. पण ते पाण्यात खोल बसलं होतं, वर दिसत होता तो जुन्या चार आण्याएवढा तुकडा.

आईंनी त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्येच्यात वारो कमी आसा गो."

मी पंचवीस दिवस दशांश ग्रॅममध्ये जे मोजत होते ते त्यांनी पातेल्यात एका नजरेत वाचलं. वही बंद करून मी त्यांच्या शेजारी खाली बसले. कमी हवेच्या अंड्याला आता काही करता येतं का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. ते पुसून मी पेटीत ठेवलं.

शेवटचे दिवस नेमके उलटे. आता पापुद्रा वाळता कामा नये, म्हणून खरी आर्द्रता ७० टक्क्यांवर न्यायची. पन्हळीत पाणी, सोबत एक ओला स्पंज. अंडी आडवी ठेवली, खाली खरखरीत रबरी जाळी. आणि झाकण उघडायचं नाही.

२८ च्या रात्री पेटीतून पहिला आवाज आला. कवचाला कुठं चीर नाही, आणि आतून चिवचिव. पिल्लानं पापुद्रा फोडून चोच हवेच्या पोकळीत काढली की ते फुप्फुसानं श्वास घेऊ लागतं आणि त्याला आवाज फुटतो. एकानं आवाज दिला की शेजारच्या अंड्यातून उत्तर येई, मधेच टकटक. गिल्बर्ट गॉटलीब या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की अंड्यातल्या बदकाच्या पिल्लाला स्वतःचे आणि भावंडांचे आवाज ऐकू येऊ दिले नाहीत तर बाहेर आल्यावर आपल्या जातीच्या आईची हाक ओळखण्यात ते कमी पडतं. मी हे वाचलेलं होतं. तरी रात्री अकरा वाजता पेटीला कान लावून ते बोलणं ऐकताना अंगावर काटा आला. मुलगा तिथंच चटईवर झोपला.

२९ ला सकाळी दहा वाजता चार नंबरच्या कवचावर तारा फुटला. तारा फुटला की लगेच पिल्लू बाहेर येतं, असं होत नाही. बदकाचं पिल्लू टोच मारून एक दिवस, कधी दीड दिवस गप्प राहतं. आत त्या वेळेत कवचाच्या शिरांतलं रक्त ओढून घेतलं जातं आणि उरलेला पिवळा बलक पोटात जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की अडकलं. हा काळ मला सगळ्यात जड गेला. ३० ला दुपारी साडेतीनला चार नंबरनं चोचीनं गोल कापत आणायला सुरुवात केली, दर दोन मिनिटांनी एक ठोका, आणि पावणेपाचला टोपण ढकलून ते ओलं, थकलेलं, मान न सावरणारं पिल्लू जाळीवर पडलं. आई "आयलां, आयलां" म्हणत देवाकडे दिवा लावायला गेल्या. रात्रीत आणखी चार. ३१ च्या सकाळपर्यंत सात पिल्लं स्वतःच्या बळावर बाहेर होती.

सहा नंबरनं टोच मारली होती, पण निमुळत्या टोकाकडून. तिथं हवेची पोकळी नसते, पिल्लू उलटं बसलेलं. चोवीस तास झाले, भोक तेवढंच, कडेचा पापुद्रा वाळून तपकिरी. सातही पिल्लं काढून घेतली, मग ते अंडं कोमट ओल्या फडक्यात धरलं आणि भोकाची एक कपची चिमट्यानं उचलली. रक्ताचा थेंब आला. म्हणजे शिरा अजून चालू होत्या, मी घाई केली होती. तिथंच थांबले. पापुद्र्याला बोटानं खोबरेल लावलं, नाकपुड्या मोकळ्या आहेत ना पाहिलं आणि अंडं परत ठेवलं. दहा तासांनी पुन्हा पाहिलं तेव्हा शिरा फिक्या झालेल्या. रात्री अकरा ते एक, अर्ध्या-अर्ध्या तासानं एकेक कपची काढत गेले आणि शेवटचा अर्धा भाग त्याला स्वतः लाथा मारून सोडवू दिला. वजन ३९ ग्रॅम. चार नंबरचं ४४ होतं. ते दोन दिवस नीट उभं राहिलं नाही, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्याकडे चालत गेलं.

अकरा नंबरचा आवाज कधीच आला नाही. २ ऑगस्टला मी ते मागच्या अंगणात नेऊन उघडलं. मला बघायचं होतं. पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, नखं, पिसांची लव, चोचीवरचा कवच फोडायचा पांढरा दाणा, सगळं. भोवती पाणी साचलेलं. पोकळी इतकी लहान की चोच तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. सगळ्यांत कमी घटलेलं हेच अंडं. पहिल्या सात दिवसांत पन्हळी कोरड्या ठेवल्या असत्या तर कदाचित ते सुटलं असतं. जांभळीखाली खड्डा करून पुरलं. त्याच्या ओळीपुढं काय लिहावं ते सुचेना, म्हणून तारीख लिहिली.

पिल्लांच्या संगोपनाबद्दल लिहायला बसले तर तेवढंच पुन्हा होईल. दोन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. एक, वर्तमानपत्रावर पिल्लं ठेवू नका, पाय घसरून फाकतात. बारदान घाला. दुसरी खाद्याची. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नियासिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं, ते कमी पडलं तर पाय वाकतात, म्हणून कोंबडीच्या स्टार्टर खाद्यात यीस्ट मिसळावं लागतं. आणि ते खाद्य कोरडं, बिनबुरशीचं हवं. पावसाळ्यात पोत्याला बुरशी धरली तर तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, बदकाच्या पिल्लांना फार लवकर मारतं. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या खराब पेंडीनं लाखाहून जास्त टर्की मेल्या, तेव्हा हे विष जगाला माहीत झालं. त्या वेळीही बदकाची पिल्लं दगावली होती. आणलेल्या दुसऱ्या पिशवीला मला तळाशी कुबट वास आला. मी ती आख्खी पुरून टाकली. पैसे गेले, ते जाऊ देत.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३२ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल, पण आत बसता येणार नाही असं, मधे गोटे टाकलेलं. बदकिणीच्या पिसांवरचं तेल यांच्या पिसांना लागलेलं नसतं, त्यामुळे ही पिल्लं पाण्यात भिजली की गारठतात. हे आमच्या आईंना पटवायला लागलं नाही. पावसाची सर आली की त्याच पहिल्या धावायच्या आणि आठांना पदराखाली घेऊन पडवीत आणायच्या. पिल्लंही त्यांच्या चपलांचा आवाज आला की रांग धरायची.

आता आठांत पाच माद्या, तीन नर. डिसेंबर संपता संपता एका पहाटे खुराड्यात नेहमीपेक्षा लहान, फिकट हिरवट झाक असलेलं अंडं मिळालं, ५४ ग्रॅमचं. हे पहिलं अंडं उबवायला घ्यायचं नाही, नव्या मादीची सुरुवातीची अंडी लहान असतात. फेब्रुवारीत पुरेशा मोठ्या अंड्यांची दुसरी खेप लावायची आहे. हवा तेव्हा कोरडी असेल, काही न घालता पेटीत जुलैइतकी आर्द्रता मिळायची नाही, म्हणजे या वेळी दोन्ही पन्हळी भरायच्या आणि आई सांगतात तसं संध्याकाळी पाणीही शिंपडायचं. वहीचं नवं पान आखून ठेवलंय. आईंनी वाडीत एका खुडूक कोंबडीला सांगूनही ठेवलंय, अर्धी अंडी तिच्याखाली जातील. त्यांचंही वजन मी करणार आहे.